एका हंगामाचा मल्ल

ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या जगात एक ठराविक वाद उसळतो. नॅशनल फुटबॉल लीगच्या बत्तीस संघांपैकी आठदहा संघांना एव्हाना विजेतेपदाची स्वप्ने पडू लागलेली असतात. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपत आलेली असते. आणि हरत चाललेल्या कोणत्या ना कोणत्या संघाकडे तिशी ओलांडलेला, एके काळी प्रतिपक्षाची झोप उडवणारा एखादा पास रशर असतो. त्याला आणावे की आणू नये? डेट्रॉइटपासून बफेलोपर्यंतच्या उपाहारगृहांत, रेडिओवर आणि कचेऱ्यांत या प्रश्नावर जेवढी वाफ दवडली जाते तेवढी गव्हर्नरच्या निवडणुकीवरही क्वचितच दवडली जात असेल. प्रश्न खेळातला आहे हे खरे; पण त्यात पैसा आहे, शहरांची अस्मिता आहे, आणि ज्याच्या अंगावर हा सारा सौदा होतो त्या माणसाच्या गुडघ्यांचाही प्रश्न आहे. म्हणून तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. कोल्हापूरच्या किंवा गोव्याच्या मैदानांवर खेळले जाते ते हे फुटबॉल नव्हे. येथे चेंडू लांबुडका, तो मुख्यतः हाताने खेळायचा, आणि आक्रमणाची सारी सूत्रे क्वार्टरबॅक नावाच्या एका माणसाच्या हाती. चेंडू हाती आल्यापासून तो नेमक्या साथीदाराकडे फेकण्यासाठी त्याला जेमतेम अडीचतीन सेकंद मिळतात. तेवढा वेळ त्याला मिळावा म्हणून सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे पाच जण त्याच्यासमोर भिंत धरून उभे असतात. ती भिंत फोडून किंवा तिला वळसा घालून क्वार्टरबॅकवर झडप घालणारा जो खेळाडू, तो पास रशर. चेंडू सुटण्याआधीच त्याने क्वार्टरबॅकला लोळवले की त्याला 'सॅक' म्हणतात. लीगने सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासून ठेवावयास सुरुवात केली.

१९७८ मध्ये नियम बदलले. चेंडू झेलणाऱ्याला अडवण्यावर बंधने आली आणि भिंतीतल्या गड्यांना हात पसरून प्रतिकार करण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून हा खेळ धावण्याचा कमी आणि फेकण्याचा अधिक होत गेला. क्वार्टरबॅकचे मोल वाढले तसे त्याला पाडणाऱ्याचेही वाढले. आज क्वार्टरबॅकच्या खालोखाल सर्वांत भारी वेतन मिळवणाऱ्यांत पास रशर मोडतो, यात आश्चर्य काही नाही.

आता सौद्याची दुसरी बाजू. या लीगमध्ये कोणी धनवान मालक मन मानेल तसे खेळाडू विकत घेऊ शकत नाही. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आहे. त्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाखांवर गेली. शिवाय महाविद्यालयांतून येणारे नवे खेळाडू दर वसंतात 'ड्राफ्ट' नावाच्या सात फेऱ्यांच्या निवडीतून वाटले जातात, आणि दुबळ्या संघाला आधी निवडण्याचा मान मिळतो. ही निवडीची संधी हेच येथील चलन. रोख पैशांऐवजी पुढल्या वर्षाची किंवा त्याच्याही पुढल्या वर्षाची निवड देऊन आजचा खेळाडू घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. आपल्याकडे उभे पीक सावकाराला लिहून देत, तसाच जवळजवळ.

जुने दाखले अदलाबदलीच्या बाजूने बोलतात. १९८१ च्या शरदात सॅन डिएगोच्या संघाने वेतनाच्या भांडणातून फ्रेड डीन याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकले. डीन तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. जानेवारी १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने आपले पहिले सुपर बोल जिंकले. डॅन फाउट्ससारखा क्वार्टरबॅक असूनही सॅन डिएगोला मात्र सुपर बोलचे मैदान पाहावयास १९९५ चा जानेवारी उजाडला. सॅन फ्रान्सिस्कोने पुढे हाच धडा उलट बाजूने गिरवला. तापट स्वभावाच्या चार्ल्स हेली याला त्यांनी १९९२ मध्ये डॅलसला देऊन टाकले आणि लागोपाठ दोन वर्षे डॅलसकडूनच उपांत्य सामन्यात मार खाल्ला. हेलीने डॅलसकडून तीन सुपर बोल जिंकली. आधीची दोन धरून पाच. तोवर पाच सुपर बोल जिंकलेला दुसरा खेळाडू नव्हता.

पण हे दोघेही तिशीच्या आतले होते. आजचा वाद ज्यांच्यावरून होतो ते बत्तीस-तेहेतीस वर्षांचे असतात, आणि या वादात ज्याचे नाव हटकून घेतले जाते तो व्हॉन मिलर. त्याची कहाणी जरा विस्ताराने पाहिली पाहिजे, कारण दोन्ही पक्ष तिचा अर्धाच भाग सांगतात.

मिलर २०११ पासून डेन्व्हरचा. फेब्रुवारी २०१६ च्या पन्नासाव्या सुपर बोलमध्ये त्याने अडीच सॅक केले आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १ नोव्हेंबर २०२१ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, डेन्व्हरने त्याला लॉस एंजेलिस रॅम्सच्या हवाली केले. बदल्यात २०२२ च्या ड्राफ्टमधील दुसऱ्या व तिसऱ्या फेरीतील निवडी घेतल्या. मिलरचे त्या हंगामाचे सुमारे ९७ लाख डॉलर वेतन देणे बाकी होते, त्यातले ९० लाख डेन्व्हरनेच भरले. म्हणजे रॅम्सने भविष्यातील दोन तरुण दिले आणि रोख जवळजवळ काहीच दिले नाही. पुढची कोणतीही बांधिलकी पत्करली नाही.

रॅम्स त्या दिवशी आठांपैकी सात सामने जिंकून होते. मिलर आल्यानंतरचे तिन्ही सामने ते हरले! त्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसमध्ये या सौद्याची जी थट्टा झाली असेल तिची कल्पना करता येते. पण जानेवारीत चित्र पालटले. बाद फेरीच्या चार सामन्यांत मिलरने चार सॅक केले, त्यांतले दोन थेट सुपर बोलमध्ये. १३ फेब्रुवारी २०२२ च्या त्या सामन्यात रॅम्सने सिनसिनाटीच्या जो बरो याला सात वेळा लोळवले आणि २३-२० असा विजय मिळवला.

एवढ्यावरच कथा थांबवणारे म्हणतात, पाहा, अनुभवी माणूस आणला आणि विजेतेपद मिळाले. पण त्या भिंतीच्या मध्यभागी आधीपासून आरन डॉनल्ड उभा होता, हे ते विसरतात. डॉनल्ड हा त्या काळातील सर्वांत दुर्धर बचावपटू. त्याला आवरण्यासाठी प्रतिपक्षाला दोन दोन माणसे गुंतवावी लागत. साहजिकच कडेने येणाऱ्या मिलरसमोर बहुधा एकच गडी उरत असे. एकट्या माणसाला हुलकावणी देण्याची विद्या बत्तिसाव्या वर्षीही अंगात असते. दोघांना रेटून काढण्याचे बळ मात्र उरलेले नसते. अनुभवी पास रशर दुसरा म्हणून शोभतो, पहिला म्हणून नव्हे, हे रॅम्सच्या यशाचे खरे मर्म आहे आणि तेच नेमके अनुकरण करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

त्याच मार्चमध्ये बफेलोने मिलरशी सहा वर्षांचा, १२ कोटी डॉलरपर्यंत जाणारा करार केला. ही अदलाबदल नव्हती, करार संपलेल्या खेळाडूची थेट नेमणूक होती. तरी माणूस तोच आणि आशाही तीच. बफेलोची व्यथाही ध्यानात घेतली पाहिजे. १९९१ ते १९९४ अशी लागोपाठ चार वर्षे सुपर बोलपर्यंत जाऊन चारही वेळा हरलेले ते शहर. तेथील बर्फात तासन् तास उभे राहणाऱ्या प्रेक्षकाला विजेतेपदाची भूक आहे असे म्हणणे म्हणजे त्याची व्यथा फारच सौम्य शब्दांत सांगणे होय. मिलरने अकरा सामन्यांत आठ सॅक केले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये डेट्रॉइटला त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. ज्या बाद फेरीसाठी त्याला आणले होते, त्या बाद फेरीत तो बाकावर होता. सिनसिनाटीने बफेलोला त्यांच्याच मैदानावर २७-१० असे हरवले. पुढल्या साऱ्या हंगामात, बारा साखळी सामने खेळून, त्याच्या नावावर एकही सॅक नव्हता. कबड्डीच्या आपल्या लीगमध्ये त्याच २०२२ साली २ कोटी २६ लाखांना घेतलेल्या पवन सेहरावतचा गुडघा पहिल्याच सामन्यात गेला होता. तो तर ऐन उमेदीतला गडी. गुडघा कराराचा आकडा पाहून फाटत नाही. पण वय वाढते तसा तो भरून येण्यास वेळ मात्र अधिक घेतो.

माणूस एकच, वर्षही एकच. एका संघाने त्याला चार महिन्यांसाठी घेतले आणि दुसऱ्याने सहा वर्षांचा शब्द दिला. दोन अनुभवांतला फरक मिलरच्या कौशल्यात नव्हता, दिलेल्या शब्दाच्या लांबीत होता.

आणि डेन्व्हरचे काय झाले? रॅम्सकडून मिळालेल्या दुसऱ्या फेरीतील निवडीतून, म्हणजे त्या ड्राफ्टमधील चौसष्टाव्या क्रमांकावर, त्यांनी निक बोनिटो याला घेतले. तोही पास रशर. पहिल्या वर्षी त्याने दीड सॅक केले, दुसऱ्या वर्षी आठ, आणि २०२४ मध्ये साडेतेरा. त्या वर्षी डेन्व्हरचे एकूण ६३ सॅक झाले, लीगमध्ये सर्वाधिक. तेव्हा डेन्व्हरने मिलरच्या वेतनापोटी भरलेले ९० लाख डॉलर म्हणजे एका अर्थाने बोनिटोची खरेदीकिंमतच होती. रॅम्सने दिलेली निवड हा कागदाचा कपटा नव्हता. तो एक जिताजागता माणूस होता, फक्त त्याचा चेहरा अजून कोणी पाहिला नव्हता. परंतु रॅम्सनी तो माणूस स्वतःकडे ठेवला असता तर फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचा त्यांना काय उपयोग होता? तो तेव्हा विद्यापीठाचा खेळाडू होता. त्याला पिकण्यास तीन वर्षे लागली. या सौद्यात दोघांचाही लाभ झाला, याचे कारण दोघांची घड्याळे निराळी होती. डेन्व्हरला वाट पाहता येत होती, रॅम्सना नव्हती.

अर्थात उधारीची फेड चुकत नाही. विजेतेपदानंतरच्या हंगामात रॅम्स सतरापैकी बारा सामने हरले. सुपर बोल जिंकून आलेल्या कोणत्याही संघाची पुढल्या वर्षी इतकी दैना पूर्वी झाली नव्हती. नाना सौद्यांपायी त्यांनी २०१७ पासून २०२३ पर्यंत पहिल्या फेरीत एकही निवड केली नव्हती. २०२४ मध्ये ती संधी अखेर हाती आली तेव्हा त्यांनी एकोणिसाव्या क्रमांकावर कोणाला निवडले? जॅरेड व्हर्स या तरुण पास रशरला. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू म्हणून त्याचीच निवड झाली.

मिलरचे उदाहरण झाले यशाचे. ज्यांनी त्याची नक्कल केली त्यांचीही हकीकत सांगितली पाहिजे. फिलाडेल्फियाने ऑक्टोबर २०२२ मध्ये शिकागोकडून रॉबर्ट क्विन याला चौथ्या फेरीतील निवड देऊन घेतले. आदल्याच हंगामात त्याने साडेअठरा सॅक करून शिकागोचा विक्रम मोडला होता. फिलाडेल्फियासाठी त्याने एकही सॅक केला नाही. त्याच्यावाचून त्या संघाचे काही अडले असेही नव्हे. त्या हंगामात त्यांचे ७० सॅक झाले आणि चार खेळाडूंनी प्रत्येकी दहाहून अधिक केले. मात्र सुपर बोलच्या दिवशी कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्सला त्यांना एकदाही पाडता आले नाही आणि सामना ३८-३५ असा हातचा गेला. एका निवडीचे एवढे मोठे दुःख नाही. पण आधीच भरलेल्या हौदात आणखी एक कळशी ओतण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न उरतोच.

दोन वर्षांनी न्यूयॉर्क जेट्सने याहून मोठी चूक केली. त्यांनी हासन रेडिक याला फिलाडेल्फियाकडून घेतले, पण त्याच्याशी नव्या वेतनाचा करार न करता. रेडिकने खेळण्यासच नकार दिला. सात सामने तो मैदानावर आला नाही, नंतरच्या दहा सामन्यांत त्याने एक सॅक केला, आणि जेट्स बारा सामने हरले. येथे पुष्कळांनी रेडिकला लोभी ठरवले. आम्हांला ते मान्य नाही. आदल्या दोन हंगामांत मिळून सत्तावीस सॅक करणाऱ्या, तिशीच्या उंबरठ्यावरील माणसाला हे ठाऊक असते की मोठा म्हणावा असा हा त्याचा अखेरचा करार. या लीगमधील बहुतेक करारांत सारी रक्कम हमीची नसते. संघ मन मानेल तेव्हा खेळाडूला मुक्त करतो, आणि बहुतेकांना विचारल्यावाचून एका शहरातून दुसऱ्या शहरात पाठवतो. मुलांची शाळा, बायकोची नोकरी, भाड्याचे घर, सारे मंगळवारी दुपारच्या एका दूरध्वनीने मोडते. असा माणूस घेताना त्याच्याशी आधी बोलणी करणे हे सौजन्य तर आहेच, साधे व्यवहारज्ञानही आहे.

संयमाने संघ बांधावा, ड्राफ्टमधून तरुण घ्यावेत, असा उपदेश करणारे नेहमी नैतिक उंचीवरून बोलतात. त्यांनीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ड्राफ्टमधील निवड एवढी मौल्यवान का? २०११ च्या करारापासून नवोदितांचे वेतन ठराविक कोष्टकाने बांधले गेले आहे आणि निवडलेला तरुण चार वर्षे त्या वेतनाला बांधील असतो, म्हणून. बाजारात ज्याला दोनतीन कोटी डॉलर वर्षाला मिळाले असते तो त्याच्या एका लहानशा अंशात राबतो. 'शहाणी बांधणी' म्हणून जिचे कौतुक होते ती मोठ्या प्रमाणात तरुणांच्या स्वस्त श्रमांवर उभी असते. तेव्हा म्हाताऱ्याला मोठी रक्कम देणे म्हणजे उधळपट्टी आणि पोराला थोडक्यात राबवणे म्हणजे दूरदृष्टी, ही भाषा जरा बेताने वापरलेली बरी.

वयाविषयीही सरसकट बोलता येत नाही. खलील मॅकचे पाहा. २०१८ मध्ये, सत्तावीस वर्षांचा असताना, शिकागोने त्याच्यासाठी पहिल्या फेरीतील दोन निवडी मोजल्या आणि १४ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. चार हंगामांत त्याने ३६ सॅक केले; शिकागोने बाद फेरीतील एकही सामना जिंकला नाही. पहिल्या वर्षी फिलाडेल्फियाविरुद्ध १६-१५ असा पराभव झाला तो शेवटची किक गोलखांबाला आणि मग आडव्या दांडीला लागून परत आल्यामुळे. दैवाचे फासे म्हणतात ते हे. २०२२ मध्ये त्याच मॅकला लॉस एंजेलिस चार्जर्सनी दुसऱ्या व सहाव्या फेरीतील निवडींवर मिळवले, आणि पुढल्या वर्षी, बत्तिसाव्या वर्षी, त्याने कारकिर्दीतील सर्वाधिक १७ सॅक केले. त्यांतले सहा एकाच सामन्यात, आपल्या पहिल्या संघाविरुद्ध! खरेदी उत्तम झाली यात शंका नाही. फक्त चार्जर्स त्या हंगामात पाच सामने जिंकले आणि बारा हरले. सॅकचे कोष्टक आणि विजयाचे कोष्टक ही दोन वेगळी पाने आहेत, हे मोठमोठे व्यवस्थापक विसरतात, मग उपाहारगृहातील चाहत्याला काय बोल लावावा?

तेव्हा अनुभवी पास रशर आणावा की नाही, याला आमचे उत्तर असे की, आणावा. पण ज्याच्याकडे उरलेले सारे आहे त्यानेच. हंगामाच्या मध्यावर ज्या संघाचे हरलेले आणि जिंकलेले सामने सारखे आहेत, ज्याचा क्वार्टरबॅक डळमळीत आहे, त्याने दुसऱ्या फेरीतील निवड देऊन बत्तीस वर्षांचा मल्ल आणणे हे छप्पर गळत असता दाराला तोरण बांधण्यासारखे आहे. अशा संघाने डेन्व्हरच्या बाजूला बसावे, रेड्यांच्या टकरीत बैल घेऊन उतरू नये. जो संघ सात जिंकून एक हरला आहे, ज्याच्या भिंतीत आधीच एक डॉनल्ड आहे, त्याने मात्र संकोच करू नये. तिसऱ्या फेरीतील निवड द्यावी, वेळ पडल्यास दुसरीही द्यावी. पहिली देऊ नये. वेतनाचा भार विकणाऱ्याकडून जेवढा उचलून घेता येईल तेवढा घ्यावा, आणि त्यासाठी निवडीची पायरी थोडी चढवावी लागली तर चढवावी. लॉस एंजेलिसने तेच केले.

पुढल्या वर्षाचा मोह टाळणे सर्वांत कठीण. विजेतेपदाच्या मिरवणुकीत रस्त्यावर दुतर्फा उभी असलेली माणसे ज्याचे नाव घेत असतात त्याला मार्चमध्ये निरोप देणे मालकाला जड जाते. रॅम्सनाही मिलर हवाच होता. त्यांनी त्याला थांबवण्याचा प्रयत्न केला. बफेलोने अधिक दिले, आणि मिलर गेला. त्या वेळी ही रॅम्सची हार समजली गेली होती.